शंभर फील्ड

"मास्तर, ह्या काचेत तर बाजार भरलाय."

दुसरी टेक्निशियन भिंगावरचा डोळा न काढताच म्हणाली. भरलेल्या काचेवर काहीतरी बोलायची तिला सवयच होती. कधी बाजार भरायचा, कधी शाळा सुटायची, कधी 'एकच बिचारा वाट चुकून फिरतोय' असायचा. तो खिडकीपाशी रंगवलेल्या काचा उभ्या करून वाळवत होता. "कुठली?" त्यानं विचारलं, विचारायचं म्हणून. तिनं नंबर सांगितला. तो नंबर त्यानंच सकाळी आठला काचेच्या कडेवर कोरला होता. वहिनीचा नंबर. दोन महिने झाले तरी तिचा खोकला थांबला नव्हता. त्याच्या पायाखालची जमीन वगैरे सरकली नाही. पहिल्यांदा मनात आलं ते एवढंच, की आता आज दुपारी जेवायला निवांत बसायला मिळणार नाही. मग स्वतःच्याच ह्या विचाराची त्याला किळस आली, आणि तीही फार वेळ टिकली नाही. एकतीस वर्षांत किळस येण्याची जागा झिजून गेली होती. दुसऱ्यांचे बेडके डबीतून काडीनं काचेवर पसरायचे, खाली ज्योत धरून लाल रंगाला वाफ येईपर्यंत तापवायचं, आम्लानं धुवायचं, वर निळा रंग ओतायचा. क्षयाच्या ज्या जंतूंना लाल रंग एकदा चिकटला, त्यांचा तो आम्लानंही जात नाही. बाकी सगळं निळं होतं आणि तेवढ्या काड्या लाल राहतात. हट्टी जात. नव्या पोरांना शिकवताना तो हे गोष्टीसारखं सांगायचा, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणायचे.

काच वाचायची म्हणजे शंभर फील्ड बघायची. भिंगाखाली एका वेळी दिसणारा गोल तुकडा म्हणजे एक फील्ड. असे शंभर तुकडे, एकेक करून, डावीकडून उजवीकडे. एखाद्या फील्डमध्ये लाल काडी दिसली तर काम लवकर आटपतं. पण 'नाही' म्हणायचं असेल तर शंभर बघितल्याशिवाय म्हणता येत नाही. 'आहे' म्हणायला एक क्षण पुरतो, 'नाही' म्हणायला शंभर लागतात. नोकरीच्या पहिल्या वर्षी हे त्याला फार मोठं वाटलं होतं, त्यानं वहीतसुद्धा लिहून ठेवलं होतं. वही कुठे गेली कोण जाणे. पुढे पुढे डाव्या हातातल्या मोजणीच्या बटणावर अंगठा आपोआप दाबला जाऊ लागला. फील्ड सरकायचं, अंगठा दाबायचा, आणि मधला तो स्वतः कुठेतरी भलतीकडेच असायचा. निळ्यावर निळं, निळ्यावर निळं. कधी भानावर यायचा तेव्हा आकडा त्र्याऐंशीवर असायचा आणि मधली साठ फील्ड कुणी बघितली ते सांगता यायचं नाही. तेव्हा तो मागे जायचा, पुन्हा मोजायचा. आधी नेहमी जायचा. मग बहुतेक वेळा. मग आठवड्यात एकदोनदा. मनाला सांगायला एक वाक्य होतं. डोळा मुरलाय, लाल दिसलं असतं तर आपोआप थांबला असता.

ह्या खोलीचा एक रिवाज होता. कुठे लिहिलेला नव्हता, पण त्याच्याही आधीपासूनचा होता. आपल्या माणसाची काच आपण वाचायची नाही. डबी दुसऱ्याच्या ट्रेमध्ये सरकवायची आणि 'जरा बघ' एवढंच म्हणायचं. समोरचाही काही विचारायचा नाही. त्रेसष्ट दिवसांपूर्वी वहिनीच्या दोन डब्या आल्या तेव्हा दुसरी टेक्निशियन रजेवर होती, लेकीला ताप होता तिच्या. दोन दिवस थांबता आलं असतं. पण वहिनी तीन आठवडे खोकत होती, आणि पहिल्याच आठवड्यात तिनं आपली आपण शिक्षा ठरवून घेतली होती. स्वतःचा पेला वेगळा, टॉवेल वेगळा, आणि नातीला, मुंगीला, हात लावायचा नाही. मुंगी तेव्हा साडेतीन महिन्यांची. वहिनीचा मुलगा कामानिमित्त महिन्यातले वीस दिवस परगावी, सून एकटी, पोरगी रात्रंदिवस रडकी, आणि वहिनी दाराच्या चौकटीबाहेर खुर्ची टाकून नुसती बघत बसायची. तो रोज दुपारी जेवायला तिथेच जायचा. त्याचं लग्न झालं नाही, दादा गेल्यावरही ताट तिथलंच राहिलं. "भावजी, तुमची ती काच एकदा बघून टाका," वहिनी म्हणाली होती. "नसलं तर सुटेन. असलं तर निदान कळेल. हे मधलं नको." म्हणून त्यानं थांबायचं नाही असं ठरवलं. आता त्याला वाटत होतं की ते निमित्त होतं. खरं म्हणजे दुसऱ्या कुणी ती काच वाचावी, हेच त्याला नको होतं.

त्या दिवशी पहिली काच त्यानं नीट बघितली, निदान त्याला तसं आठवत होतं. काही नव्हतं. दुसरी काच भिंगाखाली ठेवली, तेलाचा थेंब टाकला, आणि अंगठा चालू झाला. डोळा भिंगाला होता. पण आत चालला होता तो दुपारचा देखावा. आपण घरी जाऊ, चपला काढायच्या आधी सांगू, वहिनी काय म्हणेल, खुर्ची उचलून आत कशी आणेल. बटणाचा आकडा शंभरवर गेला. त्यानं निळ्या शाईनं 'नाही' लिहिलं, 'आहे' लाल शाईनं लिहायचं असतं, आणि सही केली. दुपारी अगदी तसंच झालं. वहिनी हसली, खोकलीही, आणि "मेल्या खोकल्या, आता तू खुशाल राहा" असं खोकल्यालाच म्हणाली. सुनेनं मुंगीला तिच्या हातात दिलं. त्या दिवसापासून पोरगी आजीच्याच कुशीत झोपू लागली. सुनेला चार तास सलग झोप मिळू लागली. घर सुखाला लागलं. त्या सुखात त्याचाही वाटा होता आणि तो वाटा त्यानं दोन महिने रोज ताटावर बसून खाल्ला.

डॉक्टरीणबाईंना दुसऱ्या टेक्निशियननं रिपोर्ट नेऊन दिला आणि त्यांनी त्याला आत बोलावलं. बाई तरुण होत्या, भल्या होत्या, आणि त्यांच्या टेबलासमोर नेहमी चाळीस माणसं असायची. "मास्तर, तुमच्याच घरातल्या ना? वाईट वाटून घेऊ नका, सहा महिन्यांत खडखडीत बऱ्या होतील." मग त्यांनी जुना कागद काढला. "दोन महिन्यांपूर्वी दोन्ही काचा निगेटिव्ह, तुमचीच सही आहे. म्हणजे हे ताजं आहे. बाळाचा संपर्क फार तर पंधरा दिवसांचा धरू. बाळ खोकत नाही, ताप नाही? मग उद्या वजन करून प्रतिबंधाचं औषध सुरू करू, एक्सरेला त्या एवढ्याशा जिवाला हेलपाटा नको. बरोबर ना?" त्यानं मान हलवली. बाईंनी पुढच्या माणसाला हाक मारली. किती सोपं होतं. खोटं बोलावंसुद्धा लागलं नाही, मानेनंच काम केलं. बाहेर बाकावर रांगेतली माणसं खोकत होती, आणि त्यातला प्रत्येक जण कुणाच्या तरी सहीवर विसंबून घरी जाणार होता.

जुन्या काचांच्या पेट्या कपाटात तळाशी असतात. दर तीन महिन्यांनी वरच्या कचेरीतून तपासनीस येतात आणि त्यातल्या वाटेल त्या चारदोन काचा उचलून पुन्हा वाचतात, म्हणून एकही काच टाकायची नसते. दुसरी टेक्निशियन डबा खायला गेली तेव्हा त्यानं ती पेटी काढली. पहिली काच ठेवली. ह्या वेळी बटण हातात घेतलंच नाही, तोंडानं मोजलं, लहान मुलासारखं, ओठ हलवत. शंभर झाली. काही नाही. खरोखरच काही नाही. बाई म्हणतात ते खरंच असेल, ताजंच असेल, आणि आपण उगाच जिवाला घोर लावून घेतला असेल. दुसरी काच ठेवताना तो जवळजवळ आनंदात होता. अकराव्या फील्डला चार होत्या. शेजारी शेजारी, किंचित वाकड्या, लाल. अकराव्या! शंभर लागलीच नसती. अकरा फील्ड जरी माणसानं जागं राहून बघितली असती तरी पुरलं असतं. तो डोळा काढून बसला आणि पुन्हा लावला. त्या तिथेच होत्या, दोन महिने अंधारात पेटीत पडून रंग जराही उतरला नव्हता.

काच म्हणजे काच. हातातून निसटते, फुटते. एकतीस वर्षांत कितीतरी फुटल्या, 'फुटली' असं लिहिलं की संपलं. तिला बोटांत धरून तो आम्लाच्या बादलीपाशी उभा राहिला आणि त्याला आठवलं ते भलतंच. सकाळच्या उन्हात ओळीनं मांडलेल्या गोळ्या. तो चौदा वर्षांचा होता आणि त्यालाच हे झालं होतं. त्या वेळी रोज इंजेक्शन असायचं, मुठीएवढ्या गोळ्या असायच्या. आई आधीच गेलेली, वडील दारातूनच चौकशी करायचे, दादा नोकरीवर. आणि वहिनी, लग्न होऊन पुरते सहा महिने झाले नव्हते, एकोणीस वर्षांची, त्याच्या खाटेच्या कडेला बसून गोळ्यांची रांग लावायची. "ही पांढरी म्हणजे शिपाई. ही लाल म्हणजे हवालदार. गिळा, भावजी, हवालदाराला ताटकळत ठेवू नये." तो गोळी ओकायचा, ती पुन्हा द्यायची. तोंडावर फडकं बांधा असं इंजेक्शनवाला कंपाउंडर तिला रोज सांगायचा आणि ती रोज विसरायची, कारण फडक्याआडून तिचे विनोद त्याला ऐकू यायचे नाहीत. आठ महिने. हा जंतू शरीरात शिरला की तीसतीस, चाळीसचाळीस वर्षं निजून राहू शकतो, हे तो नव्या पोरांना पहिल्याच दिवशी शिकवायचा. म्हातारपण आलं, अंगातली ताकद कमी झाली, की उठतो. कुठून आला हे कुणालाच सिद्ध करता येत नाही, आणि नाही हेही सिद्ध करता येत नाही. म्हणजे त्या दिवशी भिंगाखाली त्याला बघायचं नव्हतं ते वहिनीचं दुखणं नव्हतं. स्वतःचंच बघायचं नव्हतं. हे त्याला बादलीपाशी उभं असताना कळलं, आणि कळून काही हलकं वाटलं नाही, फक्त फार थकल्यासारखं झालं. त्यानं काच पुसली, पेटीत तिच्या खाचेत ठेवली, आणि कपाट लावलं.

रस्ता ओळखीचा होता, म्हणून पाय चालत राहिले. शिंप्याचं दुकान, सायकलदुरुस्ती, कोपऱ्यावरची पाण्याची टाकी, तिच्यामागे चिंचोळा जिना. दुपारचं ऊन भिंतींवर पिवळं पडलं होतं. चालताना तो मनाशी हिशेब मांडत होता आणि हिशेब एकाच जागी येऊन अडत होता. वहिनी औषधानं बरी होईल. प्रश्न पोरीचा होता. पंधरा दिवसांचा संपर्क आणि हसतंखेळतं बाळ असेल तर एक औषध पुरतं. पण दोन महिने रोज रात्री तोंडाजवळ तोंड, आणि गेल्या दोन महिन्यांत तिचं वजन काट्यावर जागच्या जागीच होतं. सून दोनदा बोलली होती, वहिनीनं दातांवर ढकललं होतं, आणि त्यानं आमटीत लक्ष घातलं होतं. पोरीला आधीच लागलं असेल तर ते एकटं औषध म्हणजे आग लागलेल्या घरावर पाण्याचा शिडकावा. आधी एक्सरे हवा, बाळं बेडका गिळून टाकतात म्हणून पोटातलं पाणी काढून तपासायला हवं, आणि आजच हवं. हे सगळं बाईंना ठाऊक होतं. त्यांना ठाऊक नव्हतं ते एकच, आणि तेच त्याच्या मानेनं सकाळी झाकून टाकलं होतं.

वर पोचला तेव्हा बातमी त्याच्याआधी पोचली होती. आरोग्य केंद्रातून सुनेला फोन गेला होता. सून मुंगीला छातीशी धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, आणि वहिनी खोलीच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीजवळ, तोंडावर रुमाल दाबून. मधे जेवणाची ताटं मांडलेली तशीच होती.

"आई, मी तेव्हाच म्हणत होते की खोकला गेला नाहीये, जरा जपून," सून बोलत होती. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे जास्तच लागत होता. "तुम्ही त्या मैत्रिणीकडे पत्ते खेळायला जात होतात. ती किती खोकते! मी सांगितलं होतं जाऊ नका."

"अगं, तिचा दमा आहे, तो तसला खोकला नाही," वहिनी रुमालाआडून म्हणाली. "आणि तेव्हा तपासलं होतं की. भावजींनी स्वतः बघितली होती काच. तेव्हा नव्हतं."

"तेव्हा नव्हतं ना? तेच तर म्हणते मी. नव्हतं, आणि मग तुम्ही कुठूनतरी आणलंत. आणि हिला घेऊन झोपलात."

वहिनीनं मान खाली घातली. त्यानं तिला दादा गेला तेव्हा पाहिलं होतं, स्वतःच्या खाटेशी आठ महिने बसलेलं पाहिलं होतं, पण मान खाली घातलेलं कधी पाहिलं नव्हतं. ती हळूच म्हणाली, "असेल. माझ्याकडूनच झालं असेल." मग त्याच्याकडे वळून, जणू त्यालाच धीर देत, "तुम्ही नका जिवाला लावून घेऊ, भावजी. तुम्ही तर तुमचं काम केलं होतंत."

ह्या वाक्याखाली माणूस उभं आयुष्य काढू शकला असता. कुणी विचारणार नव्हतं. तपासनिसांनी नेमकी तीच काच उचलण्याचा संभव शंभरात एक. वहिनी गुन्हा स्वतःवर घेऊन सहा महिने गोळ्या गिळेल, सून तिला माफ करेल किंवा करणार नाही, आणि तो रोज दुपारी येऊन ह्या दोघींच्या मधे बसून जेवेल. ते जेवण त्याच्या डोळ्यांपुढे आलं. एकेक घास.

"नाही, वहिनी," तो म्हणाला. "तेव्हाही होतं."

मुंगी सुनेच्या खांद्यावर कुरकुरली.

"दुसऱ्या काचेत होतं. मी आज पुन्हा बघितली. पहिल्या अकरा फील्डमध्येच होतं."

"तुम्हाला दिसलं नाही?" वहिनीनं विचारलं. "की तुम्ही बघितलं नाही?"

प्रश्न इतका नेमका होता की त्याला वाटलं, ही बाई एकतीस वर्षं त्याच्या शेजारच्या स्टुलावर बसत आली असावी. "बघितलं नाही," तो म्हणाला. "हात चालत होता. मी बघत नव्हतो. तुझ्या मैत्रिणीचं काही नाही, तू कुठून काही आणलं नाहीस."

सून एक पाऊल मागे सरकली. त्याच्यापासून. वहिनीनं रुमाल तोंडावरून काढला नाही. ती त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली, आणि त्या बघण्यात राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. मग ती आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. आतून तिचा आवाज आला, नेहमीचाच, कामं वाटून देणारा. "एक्सरेवाला चारला निघून जातो. दोघं जा. पोरीला टोपी घाल. आणि भावजी, बाईंना हे असंच सांगा. मला सांगितलंत तसं. गोड करून नको."

जिना उतरताना त्यानं हात पुढे केले तेव्हा सुनेनं पिशवी दिली, पोरगी दिली नाही. पाण्याच्या टाकीपाशी मुंगीनं त्याच्याकडे बघून तोंड उघडलं, हसणार होती की रडणार होती ते कळलं नाही, तेवढ्यात सुनेनं तिला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. पोरगी हलकी दिसत होती. साडेपाच महिन्यांचं मूल असं उचलता येऊ नये, असं त्याला वाटलं, आणि इतके दिवस समोर असून हेही आपण आजच बघतोय, असंही वाटलं.

केंद्रातली गर्दी ओसरली होती. डॉक्टरीणबाई हात धूत होत्या. "मास्तर? उद्या यायचं ठरलं होतं ना?" त्या म्हणाल्या. त्यानं सांगितलं. उभ्यानंच, गोड न करता. सकाळी मान हलवली ती खोटी होती, असंही सांगितलं. सही त्याची होती, काच पेटीत आहे, कुणीही बघावी. बाईंचा चेहरा हळूहळू बदलत गेला. त्या चांगल्या होत्या, त्यामुळे जे बोलायचं ते त्या बाळासमोर बोलल्या नाहीत. "तुमचं आपण नंतर बघू," एवढंच म्हणाल्या. बाळाला काट्यावर ठेवलं, आकडा बघितला, मागचा कागद बघितला, पाठीला स्टेथोस्कोप लावून फार वेळ ऐकलं. मग एक्सरेची चिठ्ठी लिहायला घेतली.

"संपर्क किती दिवसांचा?" त्यांनी विचारलं.

"त्रेसष्ट," तो म्हणाला. बाईंनी लिहिलं.

"एकसष्ट," सून म्हणाली. घरून निघाल्यापासूनचा तिचा हा पहिलाच शब्द होता. "दोन दिवस मी हिला घेऊन माहेरी गेले होते."

बाईंनी त्रेसष्ट खोडलं आणि एकसष्ट लिहिलं.